चिकित्सालयाच्या भिंतींचा रंग आणि वैद्याची दर्शनपरीक्षा

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेत दर्शनाचा उल्लेख प्रथम येतो, हे सर्व वैद्यवर्गास ज्ञात आहेच. रुग्ण दारातून आत येऊन आसनावर बसेपर्यंत त्याचा वर्ण, नेत्र, ओष्ठ, नखे आणि मुद्रा यांवरून वैद्याचे अर्धे अनुमान बांधून होते. या परीक्षेसाठी शास्त्राचे ज्ञान हवे, अनुभवी दृष्टी हवी, याविषयी आपण नेहमी बोलतो. परंतु ज्या प्रकाशात ही परीक्षा होते त्या प्रकाशाविषयी आपण क्वचितच विचार करतो. खोलीतील प्रकाश केवळ खिडकीतून किंवा दिव्यातून येत नाही. त्याचा मोठा भाग भिंतींवरून परतून रुग्णाच्या मुखावर पडतो. भिंत रंगविताना आपण एका अर्थी तपासणीचा प्रकाशच रंगवीत असतो.

आपल्यापैकी अनेकांचे चिकित्सालय हे राहत्या घराची पुढची खोली असते. पावसाळा संपला, भिंतींना पोपडे आले, की घर रंगविण्याचा विषय निघतो. हाताशी पैसा मर्यादित असतो, घरातील प्रत्येकाची आवड निराळी असते आणि रंगाऱ्याने पुढे केलेल्या शेड कार्डावर शेकडो छटा असतात. अशा वेळी पुढच्या खोलीचा रंगही बैठकीच्या खोलीप्रमाणे केवळ आवडीवर ठरतो. तो तसा ठरू नये आणि थोडक्या खर्चातही योग्य ठरावा, या हेतूने हा विषय येथे मांडीत आहोत.

दर्शनपरीक्षा आणि प्रकाश

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातील पहिला अध्याय वर्ण आणि स्वर यांविषयी आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. तेथे शरीराचे प्राकृत वर्ण सांगून नील, श्याव, ताम्र, हरित, शुक्ल हे वैकारिक वर्ण सांगितले आहेत. पांडूतील पांडुरता, कामल्यातील नेत्र-त्वचा-नखांचा हारिद्र वर्ण, श्वासाच्या तीव्र वेगात ओठांवर येणारी श्यावता, ही सर्व लक्षणे वर्णाच्या सूक्ष्म भेदावर उभी आहेत. व्याधी बलवान झाल्यावर ती कोणाच्याही लक्षात येतात. वैद्याचे कौशल्य लागते ते आरंभीच्या अवस्थेत आणि नेमक्या त्याच अवस्थेत प्रकाशाचा दोष घातक ठरतो.

आधुनिक वैद्यकानुसार रक्तातील बिलिरुबिनचे प्रमाण सामान्यतः दर डेसिलिटरला २ ते ३ मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर नेत्रांतील पिवळेपणा डोळ्यांना दिसू लागतो. या सीमारेषेवरील रुग्ण पिवळ्या भिंतींच्या खोलीत, पिवळसर दिव्याखाली बसला असेल तर दोन प्रकारची फसगत संभवते. निरोगी मनुष्याच्या नेत्रातही पीतत्वाचा भास होऊ शकतो. उलट, आपल्या डोळ्यांना भोवतालच्या पिवळेपणाची सवय होऊन जाते आणि खरोखरचा सौम्य पिवळेपणा नजरेतून निसटतो. दुसरा प्रकार अधिक अहितकर आहे. कामल्याची परीक्षा दिवसाच्या स्वच्छ उजेडात करावी, असा जो संकेत सर्व वैद्यकपद्धतींत रूढ आहे, त्याचे कारण हेच होय.

अन्य रंगांचेही असेच आहे. गुलाबी किंवा तांबूस भिंतीवरून परतलेला प्रकाश पांडुरोग्याच्या फिकट मुखावर खोटी लाली चढवितो. गडद हिरवी भिंत निरोगी चेहऱ्यालाही निस्तेज करते. निळ्या भिंतीलगत ओठ व नखे श्यामल भासू शकतात. भिंतीच नव्हे, तर दाराबाहेर बांधलेली निळी ताडपत्री, खिडकीवरील हिरवी जाळी, लाल पडदा, टेबलावरील रंगीत कापड यांचाही परिणाम होतो. पैकी ताडपत्री आणि पडदा बदलण्यास खर्च जवळजवळ नाहीच. म्हणून रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी या वस्तूंकडे अवश्य पाहावे.

पाहण्याच्या विषयानुसार भोवतालचा रंग निवडावा, हा विचार आधुनिक शल्यशास्त्रातही आढळतो. सन १९१४ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील शल्यवैद्य हॅरी शर्मन यांनी शस्त्रक्रियागृहासाठी पांढऱ्याऐवजी हिरव्या रंगाचा पुरस्कार केला. प्रखर प्रकाशात सतत रक्ताच्या लाल रंगाकडे पाहणाऱ्या डोळ्यांना सभोवतालची पांढरी झळाळी त्रासदायक होते. लाल रंगास पूरक असलेला हिरवा रंग तो त्रास कमी करतो, असा त्यामागील विचार होता. परंतु हे उदाहरण पाहून तपासणीची खोली हिरवी करणे म्हणजे त्यातील तत्त्व सोडून केवळ रंग उचलणे होय. शल्यवैद्य व्रणातील रक्त पाहतो; आपण त्वचेचा, नेत्रांचा आणि जिव्हेचा वर्ण पाहतो. आपल्या कामासाठी प्रकाशात स्वतःची भर न घालणारी भिंतच योग्य.

तपासणीच्या जागेचा रंग

अशी भिंत म्हणजे शुद्ध पांढरी किंवा किंचित राखाडीकडे झुकणारी पांढरी, आणि चकाकी नसलेली. ऑइलपेंटच्या तुकतुकीत भिंतीवर खिडकी आणि दिवा यांची प्रतिबिंबे उमटतात व डोळ्यांना शीण येतो. म्हणून तपासणीच्या जागी मॅट म्हणजे निस्तेज पृष्ठाचा रंग घ्यावा.

शेड कार्डावर पांढऱ्याच्याही अनेक छटा असतात. एखादीत पिवळ्याचा, एखादीत गुलाबीचा अंश असतो आणि एकटी पाहताना तो जाणवत नाही. त्या छटेवर कोरा पांढरा कागद ठेवून दिवसाच्या उजेडात पाहिले की अंश ताबडतोब उघडा पडतो. ही युक्ती विनामूल्य आहे.

चारही भिंतींचे महत्त्व सारखे नसते. रुग्णाचे मुख ज्या भिंतीकडे असते, म्हणजे सामान्यतः वैद्याच्या पाठीमागची भिंत, तसेच खिडकीलगतच्या बाजूच्या भिंती आणि छत, यांवरून परतलेला प्रकाश रुग्णाच्या चेहऱ्यावर पडतो. तेथे तडजोड करू नये. रुग्णाच्या पाठीमागील भिंत त्याच्या मुखावर फारसा प्रकाश टाकीत नाही. परंतु वैद्याच्या दृष्टीला तीच पार्श्वभूमी असते. ती फिकट राखाडी ठेवल्यास चेहऱ्याचा वर्ण स्पष्ट उठून दिसतो. रुग्णास खिडकीकडे तोंड करून बसवावे. उत्तरेची खिडकी असल्यास फारच उत्तम, कारण तेथून थेट ऊन न येता दिवसभर बराचसा स्थिर प्रकाश मिळतो.

सायंकाळी रुग्ण पाहणाऱ्यांनी दिव्याकडेही लक्ष द्यावे. एलईडी दिव्याच्या वेष्टनावर रंग यथार्थ दाखविण्याची क्षमता एका अंकाने दिलेली असते. १०० हा त्यातील सर्वोच्च अंक. साधे दिवे ८० च्या आसपास असतात. तपासणीच्या एका जागेपुरता ९० किंवा अधिक अंकाचा, पिवळसर नसलेला पांढरा दिवा घ्यावा. शंका आलीच तर रुग्णाच्या गालाजवळ स्वच्छ पांढऱ्या कापसाचा बोळा धरून पाहावे. कापूस पिवळा भासला तर दोष प्रकाशाचा आहे, आणि निर्णय दुसऱ्या दिवशीच्या उजेडापर्यंत राखून ठेवावा किंवा रक्तपरीक्षेचा आधार घ्यावा.

रंग आणि दोषशमन

पित्तप्रकृतीला निळी भिंत, कफप्रकृतीला केशरी भिंत, अशा प्रकारचे कोष्टक अलीकडे अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. रंगाचा मनावर परिणाम होतो हे कोणी नाकारणार नाही. प्रसन्न खोलीत रुग्ण मोकळेपणाने बोलतो. परंतु मनाची प्रसन्नता वेगळी आणि दोषशमन वेगळे. चिकित्सालयात दिवसभरात सर्व प्रकृतींचे रुग्ण येतात, मग भिंत कोणत्या प्रकृतीची करावयाची? आहार, विहार आणि औषध यांचे कार्य भिंतीवर सोपविणे शास्त्राला धरून नाही. अशा समजुतीपायी महागड्या छटांवर खर्च करण्याचे कारण नाही.

प्राचीनांनी याविषयी कोणता क्रम धरला होता ते चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात पाहावे. रुग्णासाठी सिद्ध करावयाची वास्तू दृढ असावी, वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित असूनही तिच्या एका भागात हवा खेळती असावी, धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव तेथे नसावा, आणि इंद्रियांना अनिष्ट असे शब्द, स्पर्श, रस, रूप, गंध तेथे नसावेत, असा तेथील आशय आहे. आधी दृढता, हवा, ओल आणि धूळ यांचा विचार आणि मग रूपाचा. मर्यादित पैशांत घर रंगविणाऱ्यास याहून चांगला मार्गदर्शक क्रम सापडणार नाही.

खर्चाचा क्रम

१) प्रथम ओल. गळके छत, फुटका नळ, बाहेरील भिंतीची भेग दुरुस्त केल्याशिवाय आतून लावलेला कोणताही रंग टिकत नाही. भिंतीवर पांढरा लोणा फुटत असेल तर तो ओलीचाच पुरावा होय. पावसाळ्यानंतर भिंती पूर्ण वाळू द्याव्यात. दिवाळीपूर्वी काम उरकण्याच्या घाईत ओल्या भिंतीवर रंग चढविला जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पोपडे येतात. कोकणात तर दिवाळीनंतरचे कोरडे दिवसच या कामास अधिक योग्य.

२) दुसरा क्रम भिंतीच्या तयारीचा. जुने सुटे पापुद्रे खरवडणे, भेगा बुजविणे, आवश्यक तेथेच पुट्टी भरणे आणि प्रायमरचा एक हात देणे, ही कामे दिसत नाहीत म्हणून टाळली जातात. स्वस्त रंग चांगल्या तयारीवर टिकतो. महाग रंग वाईट तयारीवर सुटतो. जुन्या चुन्यावर डिस्टेंपर किंवा इमल्शन लावावयाचे असल्यास चुन्याचे थर खरवडून काढणे अपरिहार्य आहे, अन्यथा रंग चुन्यासकट निघून येतो.

३) तिसरा क्रम मोजमापाचा. समजा, खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच आहे. चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. त्यातून ७ × ३ फुटांचे दार आणि ४ × ४ फुटांची खिडकी, मिळून ३७ चौरस फूट वजा जाता ४०३ उरतात. छत १२० चौरस फूट. डब्यावर दोन हातांसाठी दर लिटरला १०० चौरस फूट असे लिहिले असेल, तर भिंतींना सुमारे ४ लिटर आणि छताला सव्वा लिटर रंग लागेल. भिंत खरबरीत किंवा शोषक असेल तर काही अधिक. ही आकडेमोड स्वतः केल्यास जादा डबे घरात पडून राहत नाहीत. त्याहून महत्त्वाचे असे की, तपासणीच्या एका खोलीस पाच-सहा लिटरच रंग पुरत असल्याने तेथे चांगल्या प्रतीचा रंग घेतला तरी एकूण खर्चात पडणारा फरक थोडाच असतो. मजुरी तर दोन्ही प्रतींना सारखीच द्यावी लागते.

४) रंगाऱ्याकडून मजुरी व साहित्य यांचा हिशेब वेगवेगळा लिहून घ्यावा. किती हात, कोणता प्रायमर, खरवडण्याचे काम धरले आहे की नाही, हे आधीच ठरवावे.

५) घराची सर्व छते पांढरी आणि तपासणीची जागा वगळता इतर खोल्यांना एकच फिकट छटा ठेवल्यास मोठा डबा एकदाच घेता येतो, उरलेला रंग पुढे डाग झाकण्यास उपयोगी पडतो. गडद छटा सामान्यतः महाग पडतात. त्यांना पुष्कळदा हातही अधिक लागतात, आणि पुढे पुन्हा फिकट रंगाकडे येताना तोच खर्च पुन्हा होतो.

चुना, डिस्टेंपर आणि इमल्शन

चुना सर्वांत स्वस्त. त्याच्या क्षारतेमुळे भिंतीवर बुरशी सहजी वाढत नाही आणि भिंतीतील बाष्प बाहेर पडू शकते. दगडमातीच्या किंवा चुनागच्चीच्या जुन्या वाड्यांना तो आजही योग्य आहे. मात्र तो अंगाला व कपड्यांना लागतो, पुसता येत नाही, आणि अधिक शुभ्रतेसाठी त्यात जास्त नीळ घातल्यास भिंत निळसर होऊन आपला मूळ हेतूच बिघडतो. कळीचा चुना विरविताना तीव्र उष्णता उत्पन्न होते. डोळे जपावेत व मुलांना दूर ठेवावे.

डिस्टेंपर मध्यम खर्चाचे असून कोरड्या, कमी वापराच्या खोल्यांना पुरेसे आहे. ते हलक्या हाताने पुसता येते. इमल्शन अधिक महाग, पण धुता येण्याजोगे व टिकाऊ. चिकित्सालयात दररोज अनेकांचे हात भिंतीला लागतात. म्हणून तपासणीच्या जागी धुता येणारे मॅट इमल्शन, आणि घराच्या आतील खोल्यांत डिस्टेंपर, अशी विभागणी खिशाला परवडते.

इतर खोल्या

प्रतीक्षेची जागा आणि घराच्या खोल्या येथे आवडीला वाव आहे. फिकट पिवळा, बदामी, पिस्ता या छटा अंधाऱ्या खोलीलाही मानवतात. चांगली पांढरी भिंत तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ८० टक्के किंवा अधिक प्रकाश परत देते, तर गडद निळी वा तपकिरी भिंत १० टक्क्यांच्या आसपासच. अंधाऱ्या खोलीत गडद रंग म्हणजे दिवसाही दिवा, आणि त्याचा खर्च दरमहा. छटा निवडताना शेड कार्डावर विसंबू नये. छोट्या चौकोनात सौम्य वाटणारी छटा चार भिंतींवर अधिक गडद भासते. लहान डबा घेऊन दोन निरनिराळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवावेत आणि वाळल्यावर सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहून मगच निर्णय करावा.

पंचकर्म कक्षात तेल, हळद आणि बाष्प यांचा भिंतीशी नित्य संबंध येतो. तेथे जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत फरशी किंवा धुता येणारा ऑइलपेंट असावा. त्यावरील भागास फिकट, शांत छटा द्यावी. शिरोधारेचा रुग्ण दीर्घकाळ उताणा असतो. त्याच्या दृष्टीसमोर भिंत नव्हे तर छत असते, याचे भान ठेवून छत डागरहित, चकाकीरहित असावे आणि दिवा डोळ्यांवर येणार नाही अशा जागी घ्यावा.

रंग आणि विषभय

हरताळ, मनःशिला, हिंगूळ, सिंदूर ही द्रव्ये रसशास्त्राच्या अभ्यासकास परिचित आहेत. हीच द्रव्ये चित्रकारांचे रंग म्हणूनही वापरली जात. सिंदुरात नाग म्हणजे शिसे असते, आणि पूर्वी पांढऱ्या रंगासाठी वापरला जाणारा सफेदाही शिशाचाच. आज पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड वापरले जाते. परंतु छटांसाठी व लवकर वाळण्यासाठी ऑइलपेंटमध्ये शिशाची संयुगे बराच काळ वापरात होती. भारत सरकारने २०१६ मध्ये नियम करून घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरविली; ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली.

म्हणून दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. लेबल नसलेला सुटा, स्वस्त ऑइलपेंट घेऊ नये. डब्यावर शिसेविरहित असल्याचा उल्लेख पाहावा. आणि जुन्या दारे-खिडक्यांवरील रंग कोरडा घासू नये किंवा जाळून काढू नये. पाणी मारून पॉलिश पेपरने घासावा व जमीन ओल्या फडक्याने पुसावी. शिशाचा सर्वाधिक उपद्रव बालकांना व गर्भस्थ शिशूला होतो. त्यामुळे काम चालू असता मुले व गर्भवती यांनी त्या भागात जाऊ नये. औषधांच्या बरण्या, खल, वजनकाटा आधीच दुसऱ्या खोलीत झाकून ठेवावेत आणि त्या दिवसांत औषधनिर्मिती बंद ठेवावी.

ताज्या रंगाचा उग्र वास हा चरकोक्त अनिष्ट गंधच होय. श्वासाच्या रुग्णांना तो विशेष बाधतो. खिडक्या उघड्या ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत त्या खोलीत रुग्ण तपासू नयेत. पाण्यात मिसळणारे रंग या दृष्टीने ऑइलपेंटपेक्षा सौम्य असतात.

समारोप

ओल काढावी, भिंत तयार करावी, तपासणीची जागा शुद्ध पांढरी व निस्तेज ठेवावी, आणि रंगाची हौस इतर खोल्यांत पुरवावी, असा हा साधा क्रम आहे. पैसा कमीच असेल तर सारे घर रंगविण्याचा आग्रह सोडून रुग्ण जेथे बसतो त्या एका खोलीपासून आरंभ करावा. कामल्याचा किंवा पांडूचा एक रुग्ण जरी त्यामुळे आठ दिवस आधी ओळखला गेला, तरी त्या पाच-सहा लिटर रंगाचे मोल भरून पावले. येत्या हंगामात घरास रंग देऊ इच्छिणाऱ्या सर्व वैद्यबंधु-भगिनींनी आपल्या तपासणीच्या खुर्चीवर, रुग्णाच्या जागी, दिवसा एकदा व सायंकाळी एकदा स्वतः बसावे, हातात आरसा घेऊन आपले नेत्र व जिव्हा पाहावी आणि मगच छटेचा निर्णय करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.